रसद : कर्करोगाच्या लढाईतली दुसरी फळी

मी होसकोट्याहून बोलतोय. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूरबरोबर हे गावही होतं. आजचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा आहे.

फौजेत आघाडीवरचा जवान सगळ्यांना दिसतो. त्याच्यामागचं लंगर, खेचरं, पाण्याचे कॅन कुणाला दिसत नाहीत. कर्करोगाच्या लढाईचंही तसंच आहे.

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने उभारलेलं परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. ही झाली आघाडी.

पण लांबून आलेल्या माणसाने राहायचं कुठे? रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. रुग्णालयात खाट लागतेच असं नाही, पण मुंबईत छप्पर लागतं. ते न मिळालेली कुटुंबं फूटपाथवर राहिली. इथे आपली वारीची परंपरा कामी आली. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. यात्रेकरू बदलला, धर्मशाळा तीच!

दुसरा प्रश्न वेदनेचा. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते; मनाची, घरच्यांची, श्रद्धेचीही असते, हे त्यांनी मांडलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्याला निघालं. मात्र १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आमच्या बंगळूरला १९९४ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला आणि १९९९ मध्ये मारतहळ्ळी भागात ‘करुणाश्रय’ उभं राहिलं. तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

तिसरा प्रश्न सोबतीचा. मुंबईत कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये व्ही केअर सुरू केलं. यातून गेलेला माणूस शेजारी बसला, की रुग्णाला वेगळाच धीर येतो.

मला हे उशिरा कळलं. सौ. आजारी पडली तेव्हा मी घरी ऑपरेशन रूम थाटली. भिंतीवर तक्ता, रिपोर्टांच्या फायली, औषधांचे गजर. एका रात्री ती म्हणाली, “अहो, तुम्ही माझ्यावर ड्यूटी करताय. जरा नुसते बसा ना.” मी बसलो. तेव्हा कळलं, ती घाबरलेली होती आणि इतक्या दिवसांत मी ते विचारलंच नव्हतं. मीही घाबरलो होतो, तेही त्याच रात्री पहिल्यांदा बोललो. पुढे मेहुणी दर गुरुवारी रात्रीला थांबायची. त्या एका झोपेवर माझा आठवडा निघायचा. सौ. आता नाही. त्या रात्रीनंतरचे दिवस मात्र आम्ही दोघांनी मिळून काढले.

म्हणून एकच विनंती. “काही लागलं तर सांगा” असं म्हणू नका. थकलेला माणूस सांगत नाही. “गुरुवारी डबा मी आणतो, रात्री मी थांबतो,” असं सांगा आणि तसं करा. आणि रुग्णाजवळच्या माणसालाही विचारा, “तुम्ही झोपलात का?”

रसद यालाच म्हणतात. जय हिंद.