वेडाचें मूळ आणि वेड्याचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. वेड्याचें कूळ शोधल्यावांचून मात्र आपल्या समाजास कधीं राहवलें नाहीं. घरांत एकाचें मन बिघडलें कीं त्याच्या भावंडांच्या लग्नाचीं बोलणीं अडतात, हा अनुभव वाचकांस नवा नाहीं. या समजुतीचा इतिहास थोडक्यांत तपासावा, असें आम्हांस वाटतें.

मध्यप्रांत १८६१ सालीं निर्माण झाला आणि त्याच्या राजधानींत, नागपुरास, १८६४ त वेड्यांचें इस्पितळ उघडलें. तेंच आजचें प्रादेशिक मनोरुग्णालय. त्या काळीं हिंदुस्थानांतील अशा इस्पितळांत रोग्याच्या नांवापुढें वेडाचें कारणहि नोंदवीत. कोठें शोक, कोठें आनुवंशिकता, आणि पुष्कळ वेळां गांजा! १८९३-९४ च्या चौकशी-कमिशननें या नोंदी पारखल्या, तेव्हां 'गांजा' हें कारण अनेकदां पुरेशा तपासावांचून लिहिलेलें आढळलें. रकाना रिकामा ठेवणें बरें दिसेना, म्हणून तो भरला जाई.

युरोपांत याच घाईनें भयंकर रूप घेतलें. स्विस वैद्य ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं या छिन्नमनस्कतेस 'स्किझोफ्रेनिया' हें नांव दिलें. १९१६ त र्‍यूडिन या जर्मन वैद्यानें रोग्यांच्या भावंडांची गणना केली. मेंडेलच्या साध्या नियमांत ती बसेना. तरीहि १९३३ च्या जर्मन कायद्यानें हा रोग आनुवंशिक रोगांच्या यादींत घातला, र्‍यूडिन स्वतः त्या कायद्याचे एक भाष्यकार झाले, आणि त्या कायद्याखालीं एकंदर सुमारें ४ लक्ष माणसांस सक्तीनें वंध्य करण्यांत आलें.

मग वंशाचा वांटा खोटाच काय? नाहीं. १९६६ सालीं अमेरिकेंत हेस्टन यांनीं रुग्ण मातांपासून जन्मतःच दूर वाढलेल्या ४७ मुलांचा शोध घेतला. त्यांपैकीं ५ जणांस पुढें हा रोग झाला. निरोगी मातांच्या तशाच ५० मुलांत एकासहि नाहीं. परंतु उरलेले ४२ या रोगापासून वांचले, हेंहि तितकेंच खरें. एकरूप जुळ्यांपैकीं एकास रोग असतां दुसऱ्यास तो निम्म्याहून अधिक वेळां होत नाहीं. २०२२ सालच्या संशोधनांत या रोगाशीं निगडित अशीं २८७ स्थळें माणसाच्या जनुकसंचांत आढळलीं. क्वचित् आढळणारे कांहीं दोष सोडले, तर एकेका भेदाचा परिणाम अगदीं अल्प असतो, आणि हे भेद निरोगी माणसांतहि सर्रास असतात. बहुतेक रुग्णांच्या आईबापांस तर हा रोग नसतोच.

तेव्हां 'तुमच्या कुळांत वेड आहे काय?' असें विचारणाऱ्यानें स्वतःच्या कुळाविषयीं निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. थोडेंबहुत बीज सर्वांच्याच घरीं आहे. या प्रश्नाच्या भयानें रोग लपविला जातो, उपचारास विलंब होतो, आणि रोग बळावतो. कुळाच्या नांवासाठीं घरांतल्या माणसास गमवावें काय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.