दुय्यम न्यायाधीशाचे बिऱ्हाड

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे नाव उच्चारताच मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद आणि मुंबईचे हायकोर्ट उभे राहते. परंतु हायकोर्टातील जागा त्यांना मिळाली ती १८९३ साली, तेलंगांच्या निधनानंतर. आणि १९०१ च्या जानेवारीत ते निवर्तलेही. त्यापूर्वीची वीसएक वर्षे पुणे, नाशिक, धुळे अशा गावी न्यायदान करणारे आणि बदलीच्या हुकुमासरशी बिऱ्हाड हलविणारे ते एक सरकारी नोकर होते. बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आम्हां कारकुनांना हे रानडे अधिक जवळचे वाटतात. त्यांच्या घराविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

१८७१ साली ते पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश होऊन पुण्यास आले. विधवाविवाहाच्या चळवळीत त्यांचे नाव पुढे होते. १८७३ साली प्रथम पत्नी वारली तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते, आणि हा पुरुष आता विधवेशी विवाह करून बोलल्याप्रमाणे वागून दाखवील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच भीती होती. त्यांनी घाईने स्थळ पाहिले, संबंध तोडण्याची भाषा केली, आणि रानडे नमले. त्याच वर्षी कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी रमाबाई म्हणून त्यांच्या घरी आली. रानड्यांचे चाहते येथे पितृभक्तीचा आधार घेतात. आम्हांस तो पुरेसा वाटत नाही. घरात दुर्गाबाई ही त्यांची सख्खी बहीण विधवा झालेली होती. वैधव्य म्हणजे काय हे त्यांना पुस्तकांतून शिकावयाचे नव्हते.

मात्र त्यानंतरचे वर्तन पाहिल्यावाचून हा खटला निकालात काढता येणार नाही. रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. लग्नानंतर लगेच रानड्यांनी पाटी पुढे ठेवून मुळाक्षरांपासून आरंभ केला. दिवसभर कचेरी आणि रात्री हा अभ्यास! पुण्याच्या मोठ्या कुटुंबात घरच्या बायकांना हे रुचले नाही, आणि त्यांची बोलणी खावी लागत ती शिकविणाराला नव्हे, तर शिकणारीला.

१८७८ साली नाशिकला बदली झाली. बदलीचा कागद हाती पडला म्हणजे आमच्या घरी पहिला विचार येतो तो भाड्याच्या जागेचा आणि मुलांच्या शाळेचा; या जोडप्याच्या बाबतीत मात्र बदलीने मोकळीक दिली. थोरल्या बायकांचा पहारा दूर राहिला. लोकहितवादी गोपाळराव देशमुख तेव्हा नाशिकलाच न्यायखात्यात होते. दोन्ही घरांच्या पुढाकाराने स्त्रियांचे हळदीकुंकू आणि मुलींच्या शाळेला उत्तेजन असे उपक्रम चालले. तेथेच, पतीने लिहून दिलेले का होईना, रमाबाईंनी आपले पहिले जाहीर भाषण केले.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उद्भवले, आणि सरकारचा संशय पुण्याच्या विद्वानांवर वळला. रानड्यांना उचलून धुळ्यास पाठविले. त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. त्या धुळ्यात इंग्रजीचे पाठ चालू होते. घरावर पाळत असता घरात शब्दांची वर्तनी घोकली जात आहे, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते.

पुण्यास परत आल्यावर जुना जाच नव्या जोमाने सुरू झाला. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईंना शिवल्यामुळे रमाबाईंना स्नान करावे लागे. रानड्यांनी वडीलधाऱ्या बायकांना एका शब्दाने दुखविले नाही. पत्नीला मात्र सोसण्याचा उपदेश केला आणि अभ्यास थांबू दिला नाही. कोर्टात रोज निवाडे देणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या घरात निवाडा द्यावयाचे टाळले. १८९० च्या पंचहौद मिशनातील चहाच्या प्रकरणातही असेच घडले. मित्रांच्या अडचणीसाठी त्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि ते रमाबाईंच्या मनाला लागले. या सौम्यतेला कोणी शहाणपण म्हणोत. तिची किंमत मात्र नेहमी एकाच व्यक्तीने भरली.

१८८७ साली शेतकरी कायद्याखाली ते स्पेशल जज्ज झाले. १८७५ च्या दंग्यांनंतर, १८७९ साली झालेला हा कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू होता. गावोगावच्या न्यायाधिकाऱ्यांची दप्तरे तपासणे, सावकार-कुळांचे निकाल पाहणे हे त्यांचे काम. त्यासाठी वर्षातील कित्येक महिने दौऱ्यात जात. रमाबाई बरोबर असत. मुक्काम उठे, सामान गाडीत चढे, पुढल्या गावी पुन्हा चूल मांडली जाई आणि वाचन पुढे चाले.

रमाबाईंनी १९१० साली 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' प्रसिद्ध केल्या. त्यात हायकोर्टातील निकालांपेक्षा या मुक्कामांचाच संसार अधिक आला आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचे सेवासदन सुरू झाले होते, आणि त्याची धुरा रमाबाईंनी १९२४ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, वाहिली. घरात चोरून अक्षरे गिरविण्याची पाळी ज्यांच्यावर आली होती अशा किती तरी स्त्रिया तेथे दिवसाढवळ्या पाटी घेऊन बसल्या.