अझमारींची गुप्त बोली

इथियोपिया हा देश आपल्या ख्रिस्ती वाचकांस अगदीच परका नाही. चौथ्या शतकात तेथे राजा एझाना याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे 1557 पासून गोव्याहून येशूसंघीय धर्मगुरू त्या देशी जाऊ लागले. फादर पेद्रो पाएझ 1589 साली गोव्याहून निघाले, वाटेत पकडले गेले आणि सुमारे सात वर्षे बंदिवासात राहिले. तरीही 1603 साली ते इथियोपियात पोहोचलेच. त्यांच्या प्रभावाने सम्राट सुसेनियोस कॅथलिक झाला, परंतु 1632 मध्ये जुना पंथ पुन्हा प्रस्थापित झाला. हद्दपार झालेले कुलगुरू अल्फोन्सो मेंडेस यांनी 1656 साली गोव्यातच देह ठेवला. हा राजांचा आणि धर्माध्यक्षांचा इतिहास ग्रंथांत नोंदलेला आहे. आम्हांस येथे त्याच राजांच्या दारी उभे राहून गाणाऱ्यांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. त्या गायकांना 'अझमारी' म्हणतात.

या शब्दाचे मूळ मोठे उद्बोधक आहे. इथियोपियाच्या उपासनेची प्राचीन भाषा गीझ. तिच्यातील 'गाणे, स्तुती करणे' या अर्थाच्या धातूपासून 'अझमारी' हा शब्द आला. त्या धातूचेच भावंड हिब्रू भाषेत आहे आणि त्यापासून झालेला 'मिझमोर' हा शब्द पवित्र शास्त्रातील 57 स्तोत्रांच्या शीर्षकांत आढळतो. म्हणजे नावाप्रमाणे पाहिले, तर अझमारी हा स्तोत्रकर्त्या दाविदाचा दूरचा आप्तच ठरतो. व्यवहारात मात्र हेच नाव शतकानुशतके हिणवण्यासाठी वापरले गेले.

अझमारीचे वाद्य म्हणजे 'मसिंको'. चौकटीच्या आकाराच्या लाकडी खोक्यावर कातडे ताणायचे, त्यावर घोड्याच्या केसांची एकच तार बांधायची आणि तशाच केसांच्या गजाने ती वाजवायची. ही कला बापाकडून लेकाकडे जाते. पुष्कळदा नवरा वाजवतो आणि बायको गाते. लग्न असो, बारसे असो किंवा मधापासून केलेल्या मद्याचे दुकान असो, त्यांच्यावाचून मैफल रंगत नाही. परंतु लोहार, कुंभार, चांभार यांच्याप्रमाणेच त्यांनाही समाजाने खालच्या पायरीवर बसविले. जमीनदार त्यांच्या घरी सोयरीक करीत नसत. दाविदाची वीणा म्हणून पूज्य मानले जाणारे 'बेगेना' हे वाद्य उपवासकाळात सरदार आणि धर्मगुरू वाजवीत. अझमारीच्या मसिंकोला मात्र उपासनेत स्थान नव्हते.

ज्याच्या गाण्यावाचून चालत नाही, पण ज्याला पंगतीत बसवून घेत नाहीत, अशा माणसाने मनातले बोलायचे कोठे? अझमारींनी यावर दोन उपाय शोधले.

पहिला उपाय उघड होता. इथियोपियाच्या काव्यात 'मेण आणि सोने' नावाचा एक अलंकार आहे. सोनार मेणाचा साचा करतो, त्यावर माती लिंपतो, मेण वितळवून टाकतो आणि मोकळ्या जागेत सोने ओततो. तसाच शब्दांचा वरवरचा अर्थ म्हणजे मेण आणि आत दडलेला खरा अर्थ म्हणजे सोने. या श्लेषाच्या आधाराने अझमारी सरदाराची स्तुती करता करता त्याला चिमटाही काढत असे. श्रोते हसत आणि सरदारालाही हसावेच लागे.

दुसरा उपाय म्हणजे त्यांची गुप्त बोली. हिची नोंद प्रसिद्ध भाषापंडित वुल्फ लेस्लाऊ यांनी घेतली. पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू विद्वान नाझींच्या छळातून निसटून 1942 साली अमेरिकेस पोहोचले. 1952 मध्ये त्यांनी या बोलीवर लेख लिहिला आणि 1964 मध्ये इथियोपियातील निरनिराळ्या गुप्त बोलींवरील त्यांचा ग्रंथ निघाला. या बोलीचा सांगाडा, म्हणजे व्याकरण, रोजच्या अम्हारिक भाषेचाच आहे. शब्द तेवढे वेष पालटून येतात. कोठे मूळ शब्दात जादा अक्षर घुसविलेले असते, कोठे अक्षरांची उलथापालथ केलेली असते, कोठे ओळखीचा शब्द निराळ्याच अर्थाने वापरलेला असतो, तर कोठे परभाषेतील शब्द उचललेला असतो. यजमानाच्या देखत नवराबायकोने आपसांत चार शब्द बोलावेत आणि यजमानास सुगावाही लागू नये, हे तिचे काम.

आम्हां मराठी माणसांना हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या गोंधळ्यांची 'करपल्लवी', म्हणजे बोटांच्या खुणांनी बोलण्याची विद्या, प्रसिद्धच आहे आणि भटक्या जमातींची 'पारूशी' बोलीही आपण ऐकून आहोत. रीत निरनिराळी, पण गरज एकच. ज्यांना स्वतःचे दार नसते, त्यांना भाषेचेच दार लावून घ्यावे लागते.

परंतु बंदुकीपुढे बोलीचा आडोसा पुरत नाही. 1936 ते 1941 या काळात इथियोपिया इटलीच्या ताब्यात होता. फेब्रुवारी 1937 मध्ये आदिस अबाबा येथे व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर बॉम्बहल्ला झाला. त्यानंतर गावोगाव हिंडणारे कथागायक आणि भविष्य सांगणारे यांना लोकांत असंतोष पसरवितात म्हणून पकडून गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात देब्रे लिबानोस मठातील शेकडो संन्यस्तांची कत्तल झाली. ज्या गायकाला देवळात जागा नव्हती तो आणि देवळातला संन्यासी, दोघेही एकाच वर्षी, एकाच सत्तेच्या हुकमाने मारले गेले. मारण्याचा हुकूम देणारे अधिकारी कॅथलिक देशातून आले होते. हे वाचताना आपली मान खाली जावी, हेच योग्य होय.

1941 मध्ये देश स्वतंत्र झाला. 1974 ते 1991 या लष्करी राजवटीत रात्रीच्या संचारबंदीने गाण्याच्या मैफली आटल्या. ती राजवट गेल्यावर आदिस अबाबात 'अझमारी बेत' पुन्हा गजबजले. 'बेत' म्हणजे घर. बेथलेहेममधला 'बेथ' तो हाच. तेथे श्रोते ऐनवेळी ओळी सुचवितात आणि अझमारी त्या तत्काळ सुरात गुंफतो. तरीही त्यांच्यातील कित्येक तरुण आज स्वतःस अझमारी न म्हणवता 'आर्टिस्ट' म्हणवतात. नावाला चिकटलेला कमीपणा अजून पुरता धुतला गेलेला नाही.

गुप्त बोली मेली तर भाषापंडितांना हळहळ वाटेल, आणि ती खरीही असेल. पण लपविण्याची गरज उरली नाही म्हणून ती विसरली गेली, तर आम्ही तीस शुभवर्तमानच मानू. दुःख आहे ते बोली जाऊन अवहेलना तशीच मागे राहण्याचे. आपल्याही लग्नात बँड वाजविणारे येतात. वरात दारी पोहोचली, की ते अंगणाबाहेर थांबतात आणि मंडळी उठल्यावर त्यांची पाने वाढली जातात. त्या वेळी ते आपसांत काय बोलत असतील, याचा विचार आपण कधी केला आहे काय? त्यांना पहिल्या पंगतीस बसवावे, म्हणजे त्यांचे बोलणे आपल्याला आपोआप कळू लागेल.