गुडघ्यावर लिहिलेले वय : लखनौचे न्यायवैद्यक आणि क्ष-किरणांची साक्ष

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे समोरासमोर येतात, तिथे वाढत्या वयाच्या माणसात दोन काळ्या रेषा दिसतात. अर्थात त्या क्ष-किरण छायाचित्रातच दिसतात. हाड पांढरे उमटते आणि कूर्चेतून किरण आरपार जातात, म्हणून कूर्चेची चकती काळी रेघ होऊन राहते. या चकत्यांतूनच पाय लांब होतो. मांडीच्या हाडाची सुमारे सत्तर टक्के वाढ त्याच्या खालच्या, म्हणजे गुडघ्याकडच्या टोकाला होते. नडगीची निम्म्याहून अधिक वाढ वरच्या टोकाला, पुन्हा गुडघ्यापाशीच होते. वाढ संपली की कूर्चा हाडात विरघळते, रेघ पुसली जाते आणि तिच्या जागी कधी कधी एक बारीक पांढरा व्रण राहतो. मुलींमध्ये हे साधारणपणे चौदा ते सतरा वर्षांच्या दरम्यान घडते, मुलग्यांमध्ये सोळा ते एकोणीसच्या दरम्यान. ही रेघ उघडी आहे की मिटली, या प्रश्नावर भारतातील न्यायालयांत कोणाचे बालपण मान्य झाले, तर कोणाचे नाकारले गेले.

रेघेची ही कथा सांगताना लखनौला वळसा घालता येत नाही.

गोमतीच्या काठी, नवाबी काळातील मच्छी भवन किल्ल्याच्या जागेवर किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. पुढे पंचम जॉर्ज झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने डिसेंबर १९०५ मध्ये त्याची कोनशिला बसवली, सर स्विंटन जेकब यांनी इमारतींचा आराखडा केला आणि १९११ मध्ये वर्ग सुरू झाले. लखनौ विद्यापीठ स्थापन झाल्यावर महाविद्यालय त्याचा भाग बनले. येथे न्यायवैद्यक शिकवणाऱ्या जयसिंग मोदी यांनी १९२० साली वैद्यकीय न्यायशास्त्र आणि विषशास्त्रावर एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. शंभर वर्षे उलटली, तरी नव्या संपादकांच्या हातून त्याच्या आवृत्त्या निघतच आहेत. भारतीय वकील आणि न्यायाधीश त्या ग्रंथाला नावाने नव्हे, तर आडनावाने ओळखतात : ‘मोदी’. युरोपीय पुस्तकांतील उदाहरणे आणि आकडे डोळे मिटून उचलण्याऐवजी येथील न्यायालयांत आणि शवागारांत जे दिसले ते नोंदवणे, हे त्या ग्रंथाचे बळ होते.

गुडघा न्यायवैद्यकात शिरला तो मात्र क्ष-किरणांच्या कितीतरी आधी, आणि तोही जन्मलेल्या नव्हे, तर मेलेल्या अर्भकाच्या निमित्ताने. गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यात मांडीच्या हाडाच्या खालच्या कूर्चेत अस्थीभवनाचे एक केंद्र उमटते. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ बेक्लार यांच्या नावाने ते ओळखले जाते. बेवारस सापडलेल्या अर्भकाचे दिवस भरले होते का, हा प्रश्न पोलिसांनी विचारला की शवविच्छेदन करणारा डॉक्टर गुडघा वाकवून कूर्चेचे पातळ काप घेत जाई. फिकट कूर्चेच्या मध्यभागी लालसर ठिपका दिसला, तर मूल पूर्ण दिवसांचे मानले जाई. एवढ्याशा ठिपक्यावर एखाद्या आईवरील आरोपाचे स्वरूप ठरे. आजचा विद्यार्थी हेच केंद्र नवजात बालकाच्या छायाचित्रात पाहतो, पण त्यामागचा हा इतिहास त्याला क्वचितच सांगितला जातो.

जिवंत माणसाच्या वयाचा प्रश्न निराळा होता आणि तो कायद्याने उभा केला. १८८४ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात गाजलेल्या रखमाबाईंच्या खटल्याने बालविवाहाचा वाद घरोघरी नेला. १८९० मध्ये बंगालमध्ये फूलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संबंधाने मृत्यू पावली आणि १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यात आली. महाराष्ट्रात या विधेयकावरून पडलेले तट सर्वज्ञात आहेत. त्या गदारोळात विरोधकांचा एक आक्षेप मात्र आज विचार करण्याजोगा वाटतो : जन्माची नोंदच नसताना मुलगी बारा वर्षांची आहे की नाही, हे ठरवणार कोण? हेतू सुधारणा अडवण्याचा असला, तरी प्रश्न खोटा नव्हता. १८८६ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा ऐच्छिक होता. आईला आठवत असे ते पूर, प्लेग किंवा थोरल्याचे लग्न, सन नव्हे.

पुढे १९२५ मध्ये मर्यादा पुन्हा वाढली. १९२८ मध्ये सरकारने संमतिवय समिती नेमली, तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते. समितीने वय वाढवण्याबरोबरच जन्म व विवाहांच्या नोंदी काटेकोर ठेवण्याचाही आग्रह धरला. १९२९ मध्ये हरविलास सारडांचा बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला : वधूसाठी चौदा, वरासाठी अठरा. १ एप्रिल १९३० रोजी तो अमलात आला. कायद्याने आता वर्षांचा आकडा मागितला होता आणि देशाकडे वर्षांचा हिशेब नव्हता. हिशेब देऊ शकेल असा एकच साक्षीदार उरला, तो म्हणजे देह.

त्याच सुमारास भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत हाडांच्या वयावरील निबंधांची रांग लागते, हा योगायोग मानणे कठीण आहे. १९२९ मध्ये हेपवर्थ यांनी लांब हाडांच्या टोकांच्या अस्थीभवनावरून भारतीयांचे वय ठरवण्याविषयी लिहिले. १९३४ मध्ये लाल आणि नाट यांनी कोपर व मनगटाच्या सांध्यांतील हाडे कोणत्या वयात जुळतात हे तपासले. पिल्लई यांनी १९३६ मध्ये आणि गाल्स्टाऊन यांनी १९३७ मध्ये अशाच पाहण्या प्रसिद्ध केल्या. यांतील बी. एस. नाट यांनी त्याआधी, १९३१ मध्ये, संयुक्त प्रांतातील लोकांच्या लांब हाडांवरून उंची काढण्याचे कोष्टक दिले होते. तेव्हा जगभर वापरात असलेली कार्ल पिअरसन यांची १८९९ ची सूत्रे फ्रान्समधील लियों शहरातल्या पन्नास पुरुष व पन्नास स्त्रियांच्या शवांवर बेतलेली होती. जंगलात सापडलेल्या एखाद्या मांडीच्या हाडावरून मृताची उंची सांगायची, तर ते हाड लियोंच्या मापाने मोजावे लागे. नाट यांचा निबंध ही या परावलंबनाविरुद्ध केलेली शांत तक्रार होती.

या बहुतेक पाहण्यांतून एक निष्कर्ष वारंवार निघाला : भारतीयांची हाडे युरोपीय तक्त्यांत दिलेल्या वयापेक्षा लवकर जुळतात. कारण म्हणून उष्ण हवामानाकडे बोट दाखवले गेले. वासाहतिक काळात उष्ण हवामान पुष्कळ गोष्टींचे ओझे वाहत असे. खरी अडचण दुसरीकडेच होती. हाडे कोणत्या वयात जुळतात हे शोधायचे, तर ज्यांचे वय निश्चित ठाऊक आहे अशी मुले हवीत. आणि वयाची निश्चिती नाही म्हणूनच तर हाडांकडे वळायचे होते. ज्यांच्या जन्मतारखा उपलब्ध होत्या ती मुले बहुधा शाळांतील, सुस्थितीतील घरांची असत, तर न्यायालयात उभी केलेली मुलगी बहुधा त्या घरांतली नसे. २००० साली जर्मनीतील श्मेलिंग आणि सहकाऱ्यांनी जगभरातील अशा पाहण्यांचा आढावा घेतला, तेव्हा वंशाचा परिणाम नगण्य आणि सामाजिक-आर्थिक स्थितीचा ठळक दिसला. चांगले पोषण मिळालेल्या मुलांची हाडे लवकर पिकतात, कुपोषितांची उशिरा. म्हणजे सुस्थितीतील मुलांवरून बेतलेला तक्ता गरीब मुलाचे वय प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवण्याची शक्यता अधिक असते. वय वाढवून दाखवले की बालकाचा हक्क जातो, कमी दाखवले की कधी दुसऱ्याच कोणावर गुन्हा शाबित होतो. चुकीला दोन्ही बाजूंनी धार आहे.

आतापर्यंत बोलणे तक्त्यांचे झाले. पण तक्त्याशी ताडून पाहायचे ते छायाचित्र मुळात कसे घेतले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे आणि न्यायालयांत तो फारसा विचारला जात नाही. लंडनच्या कॅथलीन क्लार्क यांनी १९३९ मध्ये क्ष-किरणांसाठी रुग्णाची ठेवण कशी असावी यावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यानंतर या विद्येला शिस्त आली. गुडघ्याचे समोरून छायाचित्र घ्यायचे, तर रुग्ण पाठीवर झोपतो, पाय सरळ ठेवतो आणि तो तीन ते पाच अंश आत वळवतो. असे केल्याने मांडीच्या हाडाचे दोन्ही गोळे कॅसेटशी समांतर येतात. मध्यकिरण वाटीच्या खालच्या टोकाच्या बोटभर खाली रोखला जातो. माणूस कृश असेल तर किरण किंचित पायांकडे झुकवावा लागतो, स्थूल असेल तर किंचित डोक्याकडे, कारण नितंबांच्या जाडीप्रमाणे झोपलेल्या माणसाची मांडी टेबलाशी वेगळा कोन करते. बाजूने छायाचित्र घेताना गुडघा वीस ते तीस अंश वाकवतात आणि किरण पाच ते सात अंश डोक्याकडे कलवतात. तसे न केल्यास आतला गोळा बाहेरच्या गोळ्याच्या खाली उतरलेला दिसतो आणि सांध्याची फट झाकली जाते.

या अंशांचा वयाशी काय संबंध, असे वाटेल. संबंध सरळ आहे. वाढीची चकती सपाट नसते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला ती उंचसखल, लाटेसारखी असते. पुढच्या काठाची सावली मागच्या काठाच्या सावलीवर नेमकी पडली तरच काळी रेघ स्वच्छ उमटते. किरण थोडा तिरपा गेला की दोन काठ वेगवेगळ्या उंचीवर पडतात, मधल्या कूर्चेवर हाडाची छाया येते आणि उघडी चकती मिटल्यासारखी दिसते. उलट, मिटलेल्या चकतीचा पांढरा व्रण घाईत पाहणाऱ्याला अजून चालू असलेली वाढ वाटू शकतो. खुब्याच्या सांध्यातही असेच होते. पावले पंधरा ते वीस अंश आत वळवली नाहीत, तर मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते आणि लहान उंचवटा आतल्या बाजूने डोकावतो. तो डोकावला की ठेवण चुकली, असे जाणकार तंत्रज्ञ छायाचित्रावर ओझरती नजर टाकूनच सांगतो. म्हणून वयनिश्चितीत एका सांध्याचे एकच छायाचित्र कधी पुरेसे मानले जात नाही. कोपर, खुबा, घोटा, गुडघा, मनगट आणि खांदा या क्रमाने सांधे मिटत जातात आणि त्या साखळीत मुलगा वा मुलगी कुठे उभी आहे हे पाहिले जाते. पाइल आणि होर यांनी १९५५ मध्ये केवळ गुडघ्याच्या वाढीचा चित्रसंग्रह काढला, तरी तोही अमेरिकी मुलांचा.

न्यायव्यवस्थेला या साक्षीच्या मर्यादा हळूहळू उमगल्या. १९८२ मध्ये जया माला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांपर्यंत फरक पडू शकतो. सोळा आणि अठरा यांमध्ये कायद्याचे सारे जग बदलते, आणि नेमके तेवढेच अंतर या चुकीत मावते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या चौऱ्याण्णवाव्या कलमाने क्रम ठरवून दिला : आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच अस्थीभवनाची किंवा अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. एकेकाळी एकमेव असलेला साक्षीदार आता शेवटचा झाला आहे.

हे शक्य झाले ते कागदांमुळे. १९६९ च्या कायद्याने जन्मनोंदणी सक्तीची झाली, तरी २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील केवळ ४१ टक्के मुलांचे जन्म नोंदलेले आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. मोरोपंत जोशींच्या समितीने मागितलेली नोंद नव्वद वर्षांनी जवळजवळ पुरी झाली. उरलेल्या अकरा टक्क्यांत मात्र स्थलांतरितांची, वीटभट्ट्यांवरची, घरातून पळून आलेली किंवा पळवून आणलेली मुले असण्याचा संभव सर्वांत जास्त, आणि वयाचा वाद उद्भवतो तोही त्यांच्याच बाबतीत.

युरोपातही हा प्रश्न वेगळ्या वेषात परतला आहे. निर्वासित तरुणांचे वय ठरवण्यासाठी स्वीडनने २०१७ पासून मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचे चुंबकीय अनुस्पंदन चित्र आणि अक्कलदाढेचे क्ष-किरण छायाचित्र यांचा आधार घेतला. गुडघ्याच्या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, हा तिचा मोठा फायदा. वैद्यकीय गरज नसताना एखाद्या मुलाच्या शरीरावर क्ष-किरण टाकण्याचा संकोच तिने दूर केला. मात्र चकती केव्हा मिटते याची सरासरी आणि समोर बसलेल्या एका मुलाचे वय यांतील दरी त्या यंत्रानेही बुजवली नाही, आणि तेथील वैद्यक व कायदेपंडितांत त्यावर तीव्र वाद झडले. त्या वादातले युक्तिवाद वाचताना हिंदुस्थानातील १८९१ चे आक्षेप भाषांतरित होऊन आल्याचा भास होतो.

लखनौचे महाविद्यालय २००२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. तेथे आणि देशातील शेकडो जिल्हा रुग्णालयांत आजही न्यायालयाचा आदेश घेऊन पोलीस येतात, सोबत बाकावर एक मुलगी किंवा मुलगा बसलेला असतो. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ त्याला टेबलावर झोपवतो, पाय हलकेच आत वळवतो, वाटीखालच्या हाडावर प्रकाशाची फुली आणतो आणि श्वास रोखायला न सांगता, कारण गुडघ्यासाठी त्याची गरज नसते, फक्त हलू नकोस एवढेच सांगतो.