शेगाव, सेगाव, सेवाग्राम: मागच्या भागातली माझी चूक

मागच्या भागात मी छातीठोकपणे सांगितलं होतं की १९४० च्या आधी सेवाग्रामचा उल्लेखच सापडत नाही. लगेच मेसेज आले, "दादा, गांधीजी तिथे ३० एप्रिल १९३६ लाच आले होते ना?" बरोबर. चुकलो.

झालं असं की गांधीजींच्या पत्रांच्या टेक्स्ट फाईलवर मी पायथॉनमध्ये 'सेवाग्राम' हा शब्द शोधला. १९३६ ते १९३९ सगळं कोरडं. कोरडं असणारच, कारण तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं! वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरचं खेडं, मालगुजारी जमनालाल बजाजांची. आणि तिकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव, रेल्वे स्टेशन असलेलं, सगळ्यांना माहीत. पिनकोड आला १९७२ मध्ये, म्हणजे तेव्हा पत्त्यावरचं नाव हीच काय ती खूण. मग गांधीजींचं टपाल भलत्याच गावी जायचं. शेवटी मार्च १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं. आमच्या धंद्यात याला युनिक आयडी म्हणतात.

मग मी 'सेगाव' शोधलं, तर दुसरा घोळ. 'फाइंड' शब्द सापडला की त्याची जागा सांगतं आणि नाही सापडला तर वजा एक. पत्राच्या डोक्यावरच 'सेगाव, वर्धा' असेल तर जागा येते शून्य! मी सरळ 'इफ' लावलं होतं. त्याला शून्य म्हणजे खोटं आणि वजा एक म्हणजे खरं. त्यामुळे सेगावहून लिहिलेली पत्रं गळाली आणि नको ती सगळी आली. (चार वर्षं कोड लिहितोय, तरीही.) नुसतं 'सापडतं का' एवढंच हवं असेल तर 'इन' वापरा.

तरी काही सुटलीच. कुठे शेगाव, कुठे जुन्या वळणाचं शेगांव, कुठे चंद्रबिंदूवालं सेगाँव. आपल्याला एकच गाव दिसतं, पण युनिकोडमध्ये अनुस्वार हे वेगळं अक्षरचिन्ह असल्याने कॉम्प्युटरला हे तीन वेगळे शब्द वाटतात. शेवटी रेगेक्स लिहिलं: सुरुवातीला स किंवा श, 'गा' नंतर अनुस्वार किंवा चंद्रबिंदू असला तर असला. यात बुलढाण्याचं शेगावही येतं, म्हणून ती पत्रं हाताने वेगळी काढली. टपालवाल्यांचं काम ८० वर्षांनी मी केलं म्हणा.

आता १९३७ ची पत्रं समोर आहेत. त्या ऑक्टोबरात वर्ध्याला नई तालीमची परिषद झाली होती. पुढचा भाग तिच्यावर. भेटू!