मोकळ्या आकाशाखालची मैफल : शिकागोच्या ग्रँट पार्क संगीत महोत्सवाची वाटचाल

शिकागोत हिवाळा लांबतो. मिशिगन सरोवरावरून येणारे बोचरे वारे एप्रिल सरत आला तरी पाठ सोडत नाहीत. म्हणून जून उजाडला की सारे शहर घराबाहेर पडते. सरोवराकाठच्या वाळूवर मुले खेळू लागतात, वस्त्यावस्त्यांत रस्ते बंद करून जत्रा भरतात, कुठे जॅझ तर कुठे ब्लूज वाजू लागते. या दोन-अडीच महिन्यांत शहराच्या ऐन मध्यावर, गगनचुंबी इमारतींना पाठीशी घेऊन, एक पूर्ण वाद्यवृंद दर आठवड्याला अभिजात पाश्चात्त्य संगीत वाजवतो आणि हिरवळीवर बसून ते ऐकणाऱ्याकडून एक छदामही घेत नाही. १९३५ पासून चालत आलेल्या या उपक्रमाचे नाव ग्रँट पार्क संगीत महोत्सव. उत्तम संगीत सर्वांना विनामूल्य ऐकवायचे आणि विनामूल्य आहे म्हणून त्यात जराही कसर ठेवायची नाही, हा त्याचा बाणा. तो नव्वद वर्षे कसा टिकला, हे समजून घेण्यासारखे आहे.

आधी जमीन राखली

या महोत्सवाची गोष्ट संगीताच्या कितीतरी आधी, जमिनीपासून सुरू होते. १८३६ साली शहराची आखणी करणाऱ्या आयुक्तांनी सरोवरालगतच्या एका पट्ट्यावर नकाशातच लिहून ठेवले की ही जागा सार्वजनिक आहे. ती कायम मोकळी आणि इमारतींपासून मुक्त राहावी. पुढे शहर वाढले. १८७१ च्या भीषण आगीनंतरचा राडारोडा याच किनाऱ्यावर टाकला गेला आणि जमीन सरोवरात पुढे सरकली. एवढी मोक्याची जागा दिसल्यावर तिथे काहीतरी बांधायचा मोह अनेकांना झाला.

त्याला आडवे आले माँटगोमेरी वॉर्ड. टपालाने माल विकणारा हा मोठा व्यापारी. त्याच्या पेढीच्या खिडक्या याच जागेकडे उघडत होत्या. १८९० पासून १९११ पर्यंत तो कोर्टात लढत राहिला आणि जिंकला. त्या काळात शहरातल्या अनेक मातब्बरांनी त्याला प्रगतीचा शत्रू ठरवले. ही जागा म्हणजेच ग्रँट पार्क, आणि आज तिथे फिरणारा प्रत्येक माणूस त्याच्या हट्टाचा ऋणी आहे. या नियमाला ठळक अपवाद ठरली ती आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू. १८९३ साली याच वास्तूत सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांनी आपले भाषण केले. वास्तूसमोरच्या रस्त्याला आज त्यांचे सन्माननाम आहे.

मंदीतला आरंभ

१९२९ नंतरच्या महामंदीने शिकागोला गुडघ्यावर आणले. वादकांचे हाल तर दुहेरी होते. मूकपटाच्या जमान्यात थिएटरांतून वादकांचे ताफे बसत. बोलपट आला आणि ती भाकरी एका फटक्यात गेली, त्यात मंदी. लोकांचे मन जरा रमावे म्हणून १९३१ साली महापौर अँटन सर्मॅक यांनी मोफत मैफलींची कल्पना मांडली. ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला, फील्ड म्युझियमसमोर, शिंपल्याच्या आकाराचा रंगमंच उभा राहिला. सर्मॅक मात्र फार काळ राहिले नाहीत. १९३३ मध्ये मायामीत नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शेजारी असताना त्यांना गोळी लागली आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

कल्पना पुढे नेली ती जेम्स पेट्रिलो यांनी. लहानपणी ट्रम्पेट वाजवणारा हा माणूस शिकागोच्या वादक संघटनेचा अध्यक्ष होता आणि शहरातली उद्याने सांभाळणाऱ्या पार्क डिस्ट्रिक्टच्या कारभारातही त्याचा शब्द चालत असे. त्याचे म्हणणे सरळ होते : वादकांना काम द्या आणि लोकांना गाणे द्या. १ जुलै १९३५ रोजी मैफलींची मालिका सुरू झाली. संघटनेच्या सभासदांना रोजी मिळाली आणि खिशात पैसा नसलेल्या शहराला संध्याकाळ घालवायला जागा मिळाली. वादकाला मोबदला मिळालाच पाहिजे, हा आग्रह पहिल्या दिवसापासून होता. विनामूल्य होते ते ऐकणाऱ्यासाठी. वाजवणाऱ्याचे श्रम कधीच फुकटात धरले गेले नाहीत. मला हा या संस्थेचा पाया वाटतो.

लोकांनी प्रतिसाद भरभरून दिला. १९३९ मध्ये ऑपेरा गायिका लिली पोन्स यांना ऐकायला तीन लाखांवर लोक लोटल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला.

स्वतःचा वाद्यवृंद, स्वतःचा आवाज

पहिली काही वर्षे वेगवेगळे बँड आणि वाद्यवृंद येऊन वाजवत. १९४४ मध्ये महोत्सवाचा स्वतःचा ग्रँट पार्क सिंफनी ऑर्केस्ट्रा आकाराला आला. पहिले मुख्य संचालक निकोलाय माल्को. १९२६ साली लेनिनग्राडमध्ये शोस्ताकोविचची पहिली सिंफनी ज्यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली, तेच हे माल्को. एवढ्या तोलाचा माणूस बागेतल्या मोफत मैफलींसाठी आणला गेला, यावरून कारभाऱ्यांची नजर कळते.

१९५८ च्या एप्रिलमध्ये व्हॅन क्लायबर्न या टेक्सासच्या तरुण पियानोवादकाने मॉस्कोतली पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकली. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत तो अमेरिकेचा लाडका झाला, आणि त्याच जुलैत तो ग्रँट पार्कच्या रंगमंचावर वाजवत होता. १९६२ मध्ये टॉमस पेक यांनी महोत्सवाचा गायनवृंद उभारला. त्यामुळे मोठमोठ्या वृंदगायनाच्या रचना बाहेरच्या कुणाच्या तोंडाकडे न बघता सादर करता येऊ लागल्या.

ही जागा सार्वजनिक, म्हणून शहराची दुःखेही तिथेच येऊन उभी राहिली. २८ ऑगस्ट १९६८ रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांची सभा याच रंगमंचापाशी भरली होती. पोलीस त्या जमावावर तुटून पडले. त्या दिवसाच्या आठवणींसह महोत्सव पुढे चालत राहिला.

जागा बदलली, भोवती जत्रा वाढली

जुना रंगमंच जीर्ण झाला होता. नव्या जागेचे आराखडे निघत आणि मोकळ्या जमिनीच्या नियमाशी अडत. अखेर १९७८ मध्ये महोत्सव उत्तरेकडच्या बटलर फील्डवर आला. तिथल्या रंगमंचाला पेट्रिलो यांचे नाव दिले गेले.

याच सुमारास ग्रँट पार्कभोवती शहराचा सारा उन्हाळा गोळा होऊ लागला. १९७९ मध्ये जॅझ महोत्सव सुरू झाला. ४ जुलै १९८० रोजी मिशिगन अॅव्हेन्यूवर ‘टेस्ट ऑफ शिकागो’ हा खाद्यमहोत्सव भरला आणि गर्दी एवढी झाली की पुढच्याच वर्षी तो ग्रँट पार्कात हलवावा लागला. जाडजूड कडेचा डीप डिश पिझ्झा, रश्शात भिजवलेले इटालियन बीफ सँडविच, आणि मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी, हिरव्या मिरच्या व सेलरीचे मीठ घातलेला शिकागो हॉट डॉग : या शहरात आलेल्या स्थलांतरितांची सारी कहाणी या पदार्थांत चाखायला मिळते. १९८४ मध्ये ब्लूज महोत्सव आला. मिसिसिपीतून १९४३ साली शिकागोत आलेले आणि इथल्या ब्लूजला विजेचा आवाज देणारे मडी वॉटर्स त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते.

या गजबजाटात सिंफनीचे काय होणार, अशी शंका कुणालाही यावी. प्रत्यक्षात एकाच मैदानाने सगळ्यांना सामावून घेतले. हॉट डॉग खायला आलेला माणूस बीथोव्हेन ऐकायला थांबला, आणि बीथोव्हेनसाठी येणाऱ्याला ब्लूजची गोडी लागली.

गेहरींची छत्री

१६ जुलै २००४ रोजी मिलेनियम पार्क खुले झाले. ग्रँट पार्कच्या वायव्य कोपऱ्यात, चालू रेल्वेमार्ग आणि वाहनतळ यांच्या डोक्यावर उभारलेले हे उद्यान ठरल्यापेक्षा चार वर्षे उशिरा झाले आणि खर्चही कितीतरी पटींनी वाढला. पण महोत्सवाला हक्काचे घर मिळाले. वास्तुकार फ्रँक गेहरी यांनी आखलेले ‘जे प्रित्झकर पॅव्हिलियन’ म्हणजे रंगमंचाच्या माथ्यावर उधळलेल्या पोलादी पाकळ्या. उंची १२० फूट. वॉर्डच्या लढ्यातून आलेल्या उंचीच्या मर्यादेतून वाट काढण्यासाठी ही रचना इमारत न मानता कलाकृती मानली गेली.

समोर ४,००० खुर्च्या आणि त्यामागे आणखी ७,००० माणसे मावतील अशी हिरवळ. हिरवळीवर ६०० फूट लांब आणि ३०० फूट रुंद अशी पोलादी नळ्यांची जाळी कमान धरून उभी आहे आणि ध्वनिवर्धक तिलाच टांगले आहेत. मागच्या ध्वनिवर्धकांतला आवाज क्षणाचा अंश उशिराने सोडला जातो, म्हणजे तो रंगमंचावरून हवेतून येणाऱ्या सुरांबरोबरच कानी पडतो. त्यामुळे शेवटच्या रांगेत चटई टाकून बसलेल्यालाही व्हायोलिन समोरून वाजल्यासारखे वाटते. फुकटच्या जागेवरच्या श्रोत्यासाठी केवढा हा विचार! जवळच मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे ‘क्लाऊड गेट’ हे चकचकीत शिल्प आहे. शिकागोकर त्याला प्रेमाने ‘बीन’ म्हणतात.

आजचा महोत्सव

जून ते ऑगस्ट, दहा आठवडे. बुधवार, शुक्रवार आणि शनिवार. बुधवारी एक कार्यक्रम आणि शुक्रवार-शनिवारी दुसरा. म्हणजे वादकांना मोजक्या तालमींत दर आठवड्याला नवे काहीतरी बसवावे लागते. नेहमीच्या रचनांबरोबर विस्मरणात गेलेल्या आणि आजच्या अमेरिकी संगीतकारांच्या रचनाही इथे आवर्जून वाजतात. कार्लोस काल्मार यांनी २००० ते २०२४ मुख्य संचालकपद सांभाळले. २०२५ पासून ती धुरा जियानकार्लो गेरेरो यांच्याकडे आहे. गायनवृंदाची घडण २००२ पासून क्रिस्टोफर बेल यांनी केली. कारभार पाहते ती ग्रँट पार्क ऑर्केस्ट्रल असोसिएशन ही ना-नफा संस्था. शहराचे साहाय्य, देणगीदार आणि वर्गणी भरणारे सभासद यांवर तिचा डोलारा उभा आहे. सभासदांना पुढच्या राखीव खुर्च्या मिळतात. बाकी सारे कुणालाही खुले. लोलापलूझा या रॉक महोत्सवाचा दणदणाट ग्रँट पार्कात सुरू असतो त्या दिवसांत मैफली शेजारच्या हॅरिस थिएटरात जातात. २०२० मध्ये करोनाने हंगाम हिरावला, पण पुढच्या वर्षी वाद्ये पुन्हा लागली.

नव्वद वर्षांचा हा हिशेब मांडला तर चार गोष्टी दिसतात : जमिनीसाठी कोर्टात भांडणारा नागरिक, कलावंताच्या मोबदल्यावर अडून बसलेली संघटना, संगीताला पाणी-रस्त्यांइतकेच आपले काम मानणारी नगरव्यवस्था, आणि वर्गणी भरून परक्या श्रोत्याची जागा मोफत ठेवणारे रसिक. यातली एक जरी गळाली असती, तरी महोत्सव इथवर आला नसता. आपल्या शहरांतली मैदाने एकेक करून गिळली जात असताना हा धडा आपण मनावर घ्यायला हवा. गाणे मोकळ्यावर यायचे तर आधी मोकळी जागा राखावी लागते.

शिकागोच्या आसपास मराठी माणसांची वस्ती जुनी आहे. तिथले महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचे. दर उन्हाळ्यात आपल्याकडचे कितीतरी आईवडील नेपरव्हिल-शॉमबर्गच्या बाजूला मुलांकडे राहायला जातात. त्यांनी एक संध्याकाळ जरूर काढावी. लोकलने युनियन स्टेशन गाठावे, तिथून मैलभर चालावे. बरोबर चटई, पातळ स्वेटर आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घ्याव्यात. घरचे खाणे तिथे चालते. पाश्चात्त्य संगीतातले काही कळत नाही म्हणून संकोच करू नये. हा महोत्सव ज्यांच्यासाठी सुरू झाला, त्यांच्यातही जाणकार थोडेच होते.