दिनविशेष : १ ऑगस्ट – बर्लिनमध्ये कबड्डी
१९३६ : बर्लिन ऑलिंपिकला आजच्या दिवशी सुरुवात झाली. ध्यानचंद यांच्या संघाने १५ ऑगस्टला हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे धुतले, हे सर्वांना ठाऊक. पण त्याच वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, ही गोष्ट शेजारच्या आपल्या खान्देशातही क्वचितच निघते. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसून बडनेऱ्याला उतरले, की आलीच अमरावती! वैद्य बंधूंनी तिथे १९१४ मध्ये सुरू केलेला हा आखाडा. बर्लिनला कबड्डीची फक्त प्रात्यक्षिके होती, त्यामुळे पदकाचा प्रश्नच नव्हता. आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला तो १९९० मध्ये, बीजिंगला. पहिले सुवर्ण भारताचेच.